दंतवैद्याची भीती आणि नवी साधने

शाळेत आरोग्य-तपासणी होते, एखाद्या मुलाच्या दाढेस कीड लागलेली आढळते आणि त्यास दंतवैद्याकडे नेण्याविषयी चिठ्ठी दिली जाते. पुष्कळदा ती चिठ्ठी दप्तरातच राहते. अंतर, खर्च, बुडणारी मजुरी ही कारणे खरीच. परंतु मुलाची भीती हेही एक मोठे कारण होय. ‘तो तोंडच उघडत नाही,’ असे म्हणून पालक दवाखान्यातून परत फिरतात.

यात होणारी हानी कायमची असते. पहिली कायमची दाढ सुमारे सहाव्या वर्षी, दुधाच्या दाढांच्या मागे, कोणताही दात न पडता उगवते. त्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात. वास्तविक ती गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. कीड लहान असता जी दाढ भरून निभावते, तीच ठणका लागेपर्यंत थांबल्यास काढावी लागण्याचा संभव असतो. मग दंतवैद्याची पहिलीच भेट वेदनेची ठरते व भीती दुणावते.

ही भीती केवळ दुखण्याची नसते. यंत्राचा कर्कश आवाज, डोळ्यांवरील प्रखर दिवा, उताणे निजणे आणि ‘थांबवणे आपल्या हाती नाही’ ही जाणीव, या सर्वांची ती बनलेली असते. १९५९ साली अमेरिकेत गार्डनर नावाचे दंतवैद्य व लिक्लायडर नावाचे शास्त्रज्ञ यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णाच्या कानांस ध्वनियंत्र लावून संगीत ऐकवीत. दुखू लागताच रुग्णाने स्वतः कळ फिरवून धबधब्यासारखा मोठा आवाज सुरू करावयाचा. पुढे ही पद्धत मागे पडली. परंतु लक्ष दुसरीकडे वेधणे व थोडा ताबा रुग्णाच्या हाती देणे ही तिच्यातील दोन तत्त्वे टिकली. आज काही दवाखान्यांत मुलांना पडद्यावर चित्रपट दाखवतात, तर कोठे आभासी दृश्यांचा चष्मा लावतात. अशा साधनांनी अनेक मुलांची धास्ती कमी होते, असे आढळून आले आहे. मात्र ती बधिर करण्याच्या औषधाची जागा घेत नाहीत आणि प्रत्येक मुलास मानवतातच असेही नाही. चष्म्याने कोणास मळमळते, तर डोळे झाकले गेल्याने कोणी अधिकच बावरते.

त्याच १९५९ साली अ‍ॅडेल्स्टन यांनी मुलांसाठी ‘सांगा, दाखवा, करा’ ही रीत मांडली. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जाणाऱ्या शिक्षकास ती नवी वाटू नये. येथेच शाळेतील दूरदर्शनसंच किंवा शिक्षकाचा मोबाइल उपयोगी पडतो. दवाखान्यातील खुर्ची, लहान आरसा, पाण्याचा फवारा आणि तपासणी करून घेणारे समवयस्क मूल दाखवणारी दोन-तीन मिनिटांची चित्रफीत पुरेशी असते. शिक्षकाने ती आधी स्वतः पाहावी. रक्त, रडारड किंवा सुईचे जवळून घेतलेले चित्र असल्यास ती वगळावी. नंतर मुलांनी जोडीजोडीने ‘वैद्य व रुग्ण’ व्हावे आणि आरसा धरून एकमेकांचे दात लांबूनच मोजावेत. ‘दुखले तर हात वर कर’ ही खूणही तेव्हाच शिकवावी व ती वैद्यांना आधी कळवण्यास पालकांस सांगावे. प्रत्यक्ष दवाखान्यात वैद्यांच्या अनुमतीने आवडते गाणे किंवा गोष्ट हळू आवाजात लावता येते. वैद्यांचे बोलणे मुलास ऐकू आले पाहिजे.

यासोबत खरेपणा हवा. ‘काहीच होणार नाही’ असे सांगू नये. ‘थोडे टोचेल, मग दाढ बधिर होईल’ असे सांगावे. एकदा फसलेले मूल दुसऱ्यांदा विश्वास ठेवत नाही. तद्वतच ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ हा धाक वर्गातून व घरातून हद्दपार व्हावा. वर्षभर धाक घालून एका दिवसाच्या चित्रफितीने भीती जाईल, अशी अपेक्षा करणे व्यर्थ होय. चिठ्ठी दिल्यावर आठ दिवसांनी ‘जाऊन आलास का?’ एवढे विचारणारा शिक्षक एखाद्या मुलाची दाढ जन्मभरासाठी वाचवू शकतो.