परिचारिकेच्या अर्जात काय लिहावे, काय राखून ठेवावे?

नोकरीचा अर्ज भरताना आमच्या परिचयातील एका तरुण परिचारिकेचा हात एका रकान्यापाशी थबकला. यापूर्वी कोणता गंभीर आजार झाला होता काय, असा तेथे प्रश्न होता. शिकत असताना तिला फुप्फुसाचा क्षय झाला होता. सहा महिन्यांचे उपचार पूर्ण करून ती बरी झाली. त्याच काळात नैराश्यासाठीही तिने औषधे घेतली होती. “बाय, काही लिहू नकोस, नोकरी जाईल,” असे आईचे म्हणणे. मुलीला आठवी आज्ञा स्वस्थ बसू देईना. ही अडचण आपल्या अनेक घरांतील आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

खोटे बोलणे निराळे आणि न बोलणे निराळे. ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथात असा विचार मांडला आहे की, ज्याला सत्य जाणून घेण्याचा अधिकार नाही, त्याच्यापुढे ते उघड करण्यास कोणी बांधील नाही. याचा अर्थ रकान्यात खुशाल ‘नाही’ असे लिहावे असा नव्हे. (ही पळवाट आपल्याला फार लवकर सापडते!) विचारणाऱ्याला तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे काय, हे आधी पाहावयाचे.

आपल्या न्यायालयांनीही हा भेद ओळखला आहे. आयुर्विमा महामंडळाच्या एका नमुन्यात महिला उमेदवारांना मासिक पाळी, गर्भधारणा व गर्भपात यांविषयी प्रश्न असत. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ते स्त्रीच्या मर्यादेला बाध आणणारे ठरवून वगळावयास सांगितले. फौजदारी प्रकरणांविषयी याच न्यायालयाने २०१६ साली अवतार सिंग खटल्यात सांगितले की, दिलेली माहिती खरीच असली पाहिजे. मात्र जे स्पष्टपणे विचारले आहे तेवढेच सांगणे उमेदवाराकडून अपेक्षित आहे. एचआयव्हीसंबंधीच्या २०१७ च्या कायद्यानुसार नोकरीसाठी त्या चाचणीची अट घालता येत नाही. त्याच वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय राखण्याचा हक्क रुग्णास दिला आहे.

परंतु परिचारिकेच्या हाती दुसऱ्याचा जीव असतो. आज थुंकीत क्षयाचे जंतू असतील, फिट्स येत असतील किंवा गुंगीच्या औषधांचे व्यसन पूर्वी जडले असेल आणि आता त्याच औषधांच्या कपाटाची किल्ली हाती येणार असेल, तर मौन हा रुग्णाशी केलेला अपराध होय. हे आम्ही कोणताही आडपडदा न ठेवता सांगतो. मात्र ते सांगण्याची जागा कार्यालयातील कारकुनाचे टेबल नव्हे. नियुक्तीच्या वेळी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यास भेटून ते सांगावे. रात्रपाळी किंवा विभाग बदलून घेण्याचा मार्ग तेथेच निघू शकतो.

परदेशी जाणाऱ्यांसाठी गणित बदलते. आखाती देशांच्या वैद्यकीय तपासणीत जुन्या क्षयाचा डाग एक्स-रेत दिसला तरी उमेदवार अपात्र ठरू शकतो. तेव्हा एजंटाला पैसे मोजण्यापूर्वीच छातीचा एक्स-रे काढून पाहावा. ब्रिटनमध्ये २०१० च्या समानता कायद्यानुसार, काही अपवाद सोडल्यास, नोकरी देऊ करण्यापूर्वी प्रकृतीविषयी विचारता येत नाही. उलट जुन्या शिक्षा लपविण्याची जी मुभा तेथे इतरांना मिळते, ती परिचर्येच्या पेशाला बरीच कमी आहे. तेथील परिचर्या परिषदेकडे नोंदणी करताना प्रकृती व चारित्र्य यांविषयी स्वतंत्र घोषणाही करावी लागते.

त्या मुलीने अखेर क्षयाचे वर्ष लिहिले आणि उपचार पूर्ण झाल्याचा दाखला जोडला. नैराश्याविषयी आमच्यातच मतभेद झाला. काहींच्या मते ‘गंभीर आजार’ या मोघम शब्दांत तेही येते. आम्हांस तसे वाटले नाही, कारण तिचे काम त्यामुळे एक दिवसही अडले नव्हते. वैद्यकीय अधिकाऱ्याने विचारले तर सांगेन, असे तिने ठरविले आहे. तिची मुलाखत पुढील आठवड्यात आहे.