टाइल लागण्याआधी

बाथरूममध्ये पाणी दोन तऱ्हांनी वागतं. टाकीकडून येणारं पाणी दाबाखाली असतं. ते वर चढतं, वळणं घेतं आणि केसाएवढी फट सापडली तरी तिथून रात्रंदिवस बाहेर पडतं. वापरून झालेल्या पाण्याला मागून कुणी ढकलत नसतं, ते फक्त ढाळ ओळखतं. ढाळ चुकला की ते जागीच बसतं आणि हळूहळू खालची वाट शोधतं. घरातली गळती या दोनांपैकी एका पाण्याची असते आणि दोघांचा इलाज वेगळा असतो. म्हणून छन्नी-हातोडा हातात घेण्याआधी आपल्याकडे यांतलं कुठलं पाणी गळतंय ते ठरवायला हवं.

ते ओळखायची साधी रीत आहे. खालच्या घराच्या छतावरचा डाग दिवसरात्र सारखाच ओला असेल तर संशय नळाच्या लाइनवर घ्यावा. आंघोळी उरकल्यावर तासा-दोन तासांनी तो ओला होत असेल आणि वरचं घर बंद असताना वाळत असेल, तर दोष फरशीत, नहाणी ट्रॅपमध्ये किंवा सांडपाण्याच्या पाइपात आहे. आमची इमारत पुण्यातली, १९८६ सालची, तळमजला आणि वर तीन मजले. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. खालच्या काकूंनी छतावरच्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती. "तुमच्याकडची सकाळची गडबड संपली ना, की थोड्या वेळाने हा रेघेबाहेर येतो. तुम्ही गावाला गेला होतात तेव्हा मात्र पार सुकला होता," त्या म्हणाल्या. निम्मं निदान त्यांच्या त्या रेघेने केलं.

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या मॉडेल उपविधींनुसार संडास-बाथरूम, सिंक यांमुळे होणाऱ्या अंतर्गत गळतीचा खर्च त्या सभासदाचा असतो. त्यामुळे खर्च आमचाच होता. मी ठरवलं, की तोडकाम, कोबा आणि फरशी मिस्त्रींकडे द्यायची आणि पाण्याची लाइन स्वतः टाकायची. घरात भिंत रंगवणं, कपाट जोडणं हे लोक हौसेने करतात, पण संडास-बाथरूमच्या पाइपाला हात लावायचा म्हटलं की सुशिक्षित घरांतही चेहरे बदलतात. हे काम दुसऱ्या कुणाचं, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे आणि ती लाजिरवाणी आहे, असं मला मनापासून वाटतं. जे पाणी आपण घाण करतो ते कुठून कसं बाहेर जातं, एवढं तरी ज्याच्या त्याला ठाऊक असावं.

मिस्त्रींनी ब्रेकर मशीन आणलं नाही. जुन्या स्लॅबला हादरे नकोत म्हणून छन्नी-हातोड्यानेच उकरलं. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या खोल्यांपेक्षा फूटभर खाली घेतलेला असतो. त्या खोलगटात पाइप टाकून वर विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा कोबा भरलेला असतो. आमच्या कोब्यातली वीट बाहेर काढली तर बोटांना ओल लागत होती. वीट पाणी पिते आणि धरून ठेवते, त्यामुळे वरची फरशी कोरडी दिसत असतानाही खालचा भराव वर्षानुवर्षं ओलाच राहतो. ट्रॅप बिडाचा होता आणि त्याच्या भोवतीचं सिमेंट त्याच्यापासून सुटलं होतं. ट्रॅपमध्ये जायचं ते पाणी त्याच्या बाहेरच्या अंगानेही खाली उतरत होतं. स्लॅबमधल्या दोन सळ्या उघड्या पडल्या होत्या. लोखंड गंजलं की गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त भरतं आणि ते आतून काँक्रीट फोडतं. खालच्या घराच्या छताचे पापुद्रे निघतात ते यामुळे. मिस्त्रींनी सळ्या तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने तो भाग बुजवला. हे काम मी फक्त पाहिलं. इमारतीच्या सांगाड्याशी हौशी माणसाने खेळू नये.

जुनी पाण्याची लाइन जीआय पाइपाची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची. अर्ध्या इंची पाइपाचा एक तुकडा आडवा कापून पाहिला तर गंज आणि क्षार साचून आत पेन्सिल जाईल एवढीच वाट उरली होती. शॉवरला धार नाही म्हणून आम्ही शॉवर बदलत होतो, दोष मात्र भिंतीत होता.

टाकीतलं पाणी दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो दाब देतं, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. आमच्या शॉवरपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंतची उंची सहा-साडेसहा मीटर, म्हणजे हातात दाब जेमतेम पाऊण किलोच्या आतला. एवढ्या दाबावर प्रत्येक एल्बो थोडं थोडं खातो. म्हणून मी मुख्य लाइन पाऊण इंची घेतली आणि अर्धा इंच फक्त नळाच्या तोंडाशी आणला. वळणंही जेवढी टाळता आली तेवढी टाळली. गीझर शॉवरच्या जवळच्या भिंतीवर आणला, कारण पाऊण इंची पाइपात मीटरमागे पाव लिटर पाणी उभं असतं. गीझर चार मीटर दूर असला तर गरम पाणी येईपर्यंत दर वेळी एक लिटर गार पाणी मोरीत जातं. पुण्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्याला हा हिशेब पटवून द्यावा लागत नाही.

पाइप सीपीव्हीसीचा, फिकट पिवळसर रंगाचा, एसडीआर ११ जातीचा. एसडीआरचा आकडा जेवढा लहान तेवढी पाइपाची भिंत जाड. साध्या तापमानाला हा पाइप २८ किलो दाब सहन करतो, पण ८२ अंशांच्या पाण्याला त्याची ताकद चौथ्या हिश्श्यावर, सात किलोवर येते. आपल्या घरच्या दाबाला तीही भरपूर आहे. गरम पाण्याने तो लांबतोही. दोन मीटरचा पाइप ४० अंशांनी तापला की सुमारे पाच मिलिमीटर वाढतो. तेवढी हालचाल त्याला मिळावी म्हणून गरम लाइनवर फोमची नळी चढवून मगच ती झिरीत बसवली. सिमेंटात घट्ट जखडलेला गरम पाइप शेवटी जोडावर ताण देतो.

सांधा जोडायची कृती मिनिटाभराची, पण सगळं काम तिच्यावर उभं असतं. पाइप काटकोनात कापायचा. कापलेल्या तोंडाची आतबाहेरची बुरं काढायची आणि बाहेरची कड थोडी तिरपी घासायची, नाहीतर आत शिरताना ती सोल्युशन खरवडून पुढे ढकलते. फडक्याने दोन्ही तोंडं पुसायची. आधी कोरडाच पाइप फिटिंगमध्ये घालून कुठवर जातो ते पाहायचं, तिथे खूण करायची. मग पाइपाला भरपूर आणि फिटिंगच्या आत पातळ असा सॉल्व्हंट सिमेंटचा हात फिरवायचा, लगेच पाइप आत ढकलता ढकलता पाव फेरा द्यायचा आणि तसाच दाबून धरायचा. हे सोल्युशन गोंदासारखं चिकटवत नाही. ते दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं आणि वाळल्यावर दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. हात लगेच सोडला तर पाइप किंचित मागे सरकतो, डोळ्यांना कळतही नाही. जोडाभोवती सोल्युशनची सलग बारीक कडी दिसली की काम नीट झालं समजावं. ती कुठे तुटलेली दिसली तर जोड कापून नवा करावा, मिनतवारी करत बसू नये.

नळ जिथे बसतो तिथे पितळेचे आटे असलेला एल्बो लागतो. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळताना ती नळ आवळायच्या दिशेनेच गुंडाळावी, उलटी गुंडाळली तर आवळताना उलगडत जाते. जीआयच्या काळातले कारागीर आट्यांवर सूत आणि सफेदा लावून पाइप पान्ह्याने अंगातला सगळा जोर लावायचे. लोखंडाला ते चालायचं. इथे तेवढा जोर लावला तर पितळेभोवतीचं प्लॅस्टिक तडकतं, आणि ती तड टाइल लागल्यावर काही महिन्यांनी बोलते. हाताने घट्ट, मग पान्ह्याने एखाद-दुसरा फेरा, बस.

सगळ्यांत जास्त वेळ घेतला वॉल मिक्सरच्या दोन तोंडांनी. डावीकडे गरम, उजवीकडे गार, मध्यापासून मध्यापर्यंत सहा इंच, दोन्ही एका पातळीत. हे एक वेळ सोपं. अवघड असतं ते आतबाहेरचं माप. आज भिंत विटांची आहे. तिच्यावर प्लास्टर येणार, वॉटरप्रूफिंग येणार, टाइल चिकटवायचा मसाला आणि शेवटी टाइल. एल्बोचं तोंड त्या अजून न लागलेल्या टाइलच्या पृष्ठभागाशी यायला हवं. आत राहिलं तर लांबीसाठी जादा निपल घालावं लागतं, म्हणजे भिंतीत आणखी एक जोड वाढला. बाहेर आलं तर नळाची तबकडी भिंतीला टेकत नाही आणि मागून पाणी शिरतं. मिस्त्रींनी वरून ओळंबा सोडला, टाइलचा एक तुकडा मसाल्यासकट भिंतीवर तात्पुरता लावला आणि त्या तुकड्यापासून दोरी ताणून दिली. "ताई, भिंतीचं ऐकू नका, दोरीचं ऐका," ते म्हणाले. जुनी भिंत कुठेच सरळ नव्हती. दोरी सरळ होती.

मग सगळ्या तोंडांना डमी बुचं लावून हातपंपाने लाइनला सहा किलो दाब दिला आणि रात्रभर ठेवला. सकाळी दाबमापकाचा काटा होता तिथेच होता. ही चाचणी अनेक ठेकेदार टाळतात. "आमच्या कामाची गॅरंटी आहे" असं सांगतात. गॅरंटी तोंडी असते, काटा डोळ्यांना दिसतो. पंप भाड्याने मिळतो आणि टाइल फोडण्याच्या मानाने ते भाडं काहीच नाही.

सांडपाण्याची लाइन मिस्त्रींनी टाकली, ढाळ फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच. ट्रॅप आता प्लॅस्टिकचा, आत दोन इंच पाणी कायम उभं राहील असा. गटारातला वास आणि झुरळं अडवतं ते हे दोन इंच पाणी. उन्हाळ्यात घर महिनाभर बंद ठेवलं तर ते आटतं आणि घरभर वास सुटतो, त्यावर उपाय तांब्याभर पाणी ओतणं एवढाच. पातळी पाहायला मिस्त्रींनी स्पिरिट लेव्हल होती तरी पारदर्शक नळीत पाणी भरून तिचाच वापर केला. खोलीच्या दोन टोकांना पाणी एकाच उंचीला उभं राहतं, त्यात चूक व्हायला फारशी जागा नाही.

भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कोपऱ्यात मिस्त्रींनी मसाल्याचा गोलसर वाटा मारला. काटकोनी कोपऱ्यात वॉटरप्रूफिंगचा लेप ताणला जाऊन तुटतो, वाट्यावर तो सलग बसतो. लेपाचे दोन हात, पहिला आडवा आणि तो वाळल्यावर दुसरा उभा, भिंतीवर फूटभर आणि शॉवरच्या बाजूला डोक्याच्या वरपर्यंत. पाइपांच्या मुळाशी आणि ट्रॅपच्या गळ्याभोवती जाळीची पट्टी लेपात दाबून बसवली. मागची गळती त्या गळ्यातूनच झाली होती, म्हणून तिथे मी स्वतः बॅटरी घेऊन वाकून पाहिलं.

यानंतर ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये घोट्याएवढं पाणी भरलं, ४८ तास ठेवायला. खाली जाऊन काकूंना सांगितलं, "काकू, वर पाणी भरून ठेवलंय, छताकडे लक्ष असू द्या." त्यांनी डागाभोवती नवी रेघ ओढली, शेजारी तारीख घातली. वरच्या पाण्याची पातळीही भिंतीवर खूण करून ठेवली होती. ओल कुठेच आली नाही. लेप ओला झाल्याशिवाय त्याची परीक्षा होत नाही आणि ती परीक्षा खालच्या घरातूनच घ्यावी लागते. लोक पाणी भरतात, पण खाली जाऊन बघत नाहीत, शेजाऱ्याशी बोलणं नको म्हणून.

टाइलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मसाला टाइलच्या पूर्ण पाठीला लागलाय ना ते पाहावं, वाळल्यावर नाण्याने वाजवावं, पोकळ वाजेल ती टाइल त्याच दिवशी काढून लावायला सांगावी. जमिनीला ट्रॅपकडे फुटाला एक सूत ढाळ असावा. गीझरची वायर आणि अर्थिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं, पाणी आणि वीज एकत्र येतात तिथे हौस चालत नाही. गीझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात म्हणून काही जण तो बंद करून टाकतात, हे कधीही करू नये. गीझरच्या टाकीतला वाढलेला दाब तिथूनच बाहेर पडतो.

आपल्याकडे बाथरूमचं काम निघालं की घरातली माणसं टाइलच्या दुकानात कितीतरी चकरा मारतात आणि पाइप कुठल्या जातीचा ते विचारतही नाहीत. रंग पुढे बदलता येतो, पण भिंतीतला पाइप बदलायचा तर सगळंच फोडावं लागतं. तुमच्याकडे काम चालू असेल तर प्लास्टर होण्याआधी चारही भिंतींचे आणि जमिनीचे फोटो काढा. फोटोत मोजपट्टी धरा, म्हणजे कोपऱ्यापासून आणि जमिनीपासून पाइप किती अंतरावर आहे ते दिसेल. त्यांच्या छापील प्रती काढून एक घराच्या कागदपत्रांत ठेवा, एक सोसायटीच्या फायलीत द्या आणि एक खालच्या मजल्यावर द्या.