कर्ज कोणाचें आणि फेडावयाचें किती?



वसईहून दिव्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कामण रोड नांवाचें एक लहानसें स्टेशन लागतें. मागें तुंगारेश्वराची डोंगररांग, जवळच कामणदुर्ग, आणि गांवावरून भिवंडीकडे जाणारा चिंचोटीचा रस्ता. भातशेतीचा हा पट्टा आतां पुष्कळसा कारखान्यांचा व गोदामांचा झाला आहे. सकाळीं या रस्त्यानें डब्याची पिशवी घेऊन भराभर चालणाऱ्या बायका दिसतात. त्यांच्यापैकीं एकीची आपण कल्पना करूं. तिचा नवरा गेल्या वर्षीं दीर्घ आजारांत वारला. पदरीं शाळेंत जाणारीं दोन मुलें आहेत. आणि घरांत मिळवतें माणूस ती एकटीच. तिला नांव देण्याचें कारण नाहीं, कारण तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. आणि बायको गेल्यावर एकट्यानें मुलें वाढविणारे बापहि आहेत.

तेरावा उरकतो न उरकतो तोंच दारीं एक गृहस्थ येतात. आवाज मऊ असतो. "वहिनी, दादांकडे माझे वीस हजार राहिले. तुमच्यावर माझा भरंवसा आहे, घाई नाहीं. फक्त कागद तेवढा तुमच्या नांवाचा करून घेऊं. येथें सही करा." ती सही करते. गेलेल्या माणसाचें नांव बुडूं नये आणि मुलांना कोणी खालीं मान घालावयास लावूं नये, एवढाच विचार त्या वेळीं तिच्या मनांत असतो.

आज मला बोलावयाचें आहे तें या सहीविषयीं आणि तिच्या मागून येणाऱ्या हिशेबाविषयीं. कर्ज फेडणाऱ्या एकट्या आईच्या कष्टांचें आपण पुष्कळ कौतुक करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु कौतुकानें मुद्दल उतरत नाहीं. तिला हवीं असतात तीं तीन प्रश्नांचीं उत्तरें. कर्ज कोणाचें? व्याज कोणत्या दरानें? आणि दिलेल्या पैशांतून मुद्दल किती उतरलें?

पहिला प्रश्न घेऊं. नवऱ्यानें काढलेलें कर्ज त्याच्या मृत्यूनंतर आपोआप बायकोचें होतें, अशी समजूत सार्वत्रिक आहे. ती खरी नाहीं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणें मृताचें देणें वारसांकडून वसूल करतां येतें तें मृताची जी मालमत्ता त्यांच्या हातीं आली असेल तेवढ्यापुरतेंच. त्यानें घर ठेवलें असेल, बँकेंत शिल्लक ठेवली असेल, तर धनको त्यांतून मागूं शकेल. विधवेचें स्वतःचें स्त्रीधन आणि ती स्वतः कष्टानें मिळवीत असलेला पगार यांवर त्या देण्याचा बोजा पडत नाहीं. मुलांच्या बाबतींतहि तसेंच. बापाचें कर्ज फेडणें हें मुलाचें धार्मिक कर्तव्य, एवढ्याच आधारावर त्याच्यावर दावा चालविण्याचा जुना मार्ग हिंदु उत्तराधिकार कायद्याच्या २००५ सालच्या दुरुस्तीनें पुढील कर्जांपुरता बंद केला.

याला अपवाद आहेत ते सहीचे. मूळ कर्जाच्या वेळींच बायकोनें सहकर्जदार म्हणून किंवा जामीन म्हणून सही केली असेल, तर तें देणें तिचेंहि आहे. आणि नवरा गेल्यावर तिनें नवा कागद लिहून दिला, तर जें कर्ज कायद्यानें तिचें नव्हतें तें ती स्वतःच्या हातानें आपलें करून घेते. दारीं आलेल्या गृहस्थांची सारी गोडी या कागदासाठींच असते. कोणी म्हणेल, ही नीति नव्हे. घेतलेलें परत केलेंच पाहिजे. आपल्या नवऱ्याचें देणें फेडावें असें एखादीला वाटलें तर तिला अडविणारा कायदा नाहीं, आणि त्या भावनेचा मान राखलाच पाहिजे. पण फेडणें ही एक गोष्ट आणि फसून बांधून घेणें ही दुसरी. जें ती राजीखुशीनें देईल त्याचा दर, मुदत आणि रक्कम ठरविण्याचा हक्क तिच्याकडे राहिला पाहिजे.

आणखी एक भीति या घरांत रात्रंदिवस वावरत असते. 'जप्ती आणूं, पोलिस आणूं.' येथें कायद्याची मर्यादा स्पष्ट आहे. पैशाच्या हुकुमनाम्यासाठीं स्त्रीला दिवाणी तुरुंगांत टाकतां येत नाहीं. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाचीं भांडीं, अंथरूण-पांघरूण, कारागिराचीं हत्यारें, मजुराची मजुरी, आणि धार्मिक रूढीप्रमाणें स्त्रीनें अंगावरून उतरवूं नयेत असे दागिने यांवर जप्ती चालत नाहीं. शिवाय जप्ती आणतें तें न्यायालय. सावकाराचा माणूस नव्हे.

आतां दुसरा प्रश्न, व्याजाचा. खेड्यांत आणि शहराच्या कडेला व्याज बोललें जातें तें महिन्याचें. 'शेकडा पांच' हा शब्द कानाला सौम्य लागतो. वर्षाचा हिशेब केला म्हणजे तेच शेकडा साठ होतात. वीस हजारांवर महिन्याचें व्याज एक हजार. आमची ही माउली दर महिन्याला, एकहि खाडा न करतां, हजार रुपये नेऊन देते आणि आपण कर्ज फेडीत आहोंत असें समजते. दहा महिन्यांत तिनें दहा हजार दिलेले असतात आणि देणें वीस हजारच असतें. दहा वर्षें दिले तरी तें वीस हजारच राहील.

तिनें हजाराऐवजीं दीड हजार दिले तर काय होतें पहा. वरचे पांचशें मुद्दलांत जातात. पुढल्या महिन्यांत व्याज थोडें कमी होतें, म्हणून मुद्दलांत थोडे अधिक जातात. आणि तेविसाव्या महिन्यांत कर्ज संपतें. दोन हजार दिले तर पंधराव्या महिन्यांतच संपतें. हजार आणि दीड हजार यांत अंतर पांचशें रुपयांचें. पण एकीकडे जन्माचा फेरा आणि दुसरीकडे दोन वर्षांहून कमी मुदत. म्हणून मी म्हणतों कीं, प्रत्येक हप्त्याला तिनें विचारावें, "यांतले व्याजाचे किती आणि मुद्दलाचे किती?" हा तिसरा प्रश्न होय, आणि याचें उत्तर पावतीवर लिहून मिळालें पाहिजे.

कर्जें अनेक असलीं तर सर्वांना थोडें थोडें देण्याचा मोह होतो, कारण तगादा सर्वांचाच असतो. हिशेब वेगळें सांगतो. इतरांचे नेमलेले हप्ते चुकवूं नयेत. परंतु हातीं उरेल तो प्रत्येक रुपया ज्याचें व्याज सर्वांत जड त्या कर्जाकडे वळवावा. तें फिटलें म्हणजे त्याचा सुटलेला हप्ता दुसऱ्या कर्जाकडे लावावा. मात्र एक पथ्य आहे. घरांत थोडी राखीव रक्कम ठेवल्यावांचून सगळें फेडीला लावूं नये. एका मुलाच्या तापानें तीच पायरी पुन्हा चढावी लागली, तर सहा महिन्यांची मेहनत वाया जाते.

दराला कायद्याचा बांध आहे कीं नाहीं? आहे, आणि तो जुना आहे. एका वेळीं मुद्दलाहून अधिक व्याज मागूं नये, हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्रांतून आला आणि मुंबई इलाख्याच्या न्यायालयांनीं तो मानला. पण तो लागतो तुंबलेल्या व्याजाला. जी दर महिन्याला व्याज चोख देते तिचें व्याज तुंबतच नाहीं, आणि म्हणून या नियमाचा आधार तिला मिळत नाहीं. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांविरुद्ध उठाव केला. तो पसरला तेव्हां त्यांचा रोख मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यांत आले. त्यानंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कायदा झाला, १९४६ सालीं मुंबईचा सावकारी कायदा झाला, आणि त्याच्या जागीं २०१४ सालीं महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा आला.

या शेवटच्या कायद्यानें सावकाराला परवाना आवश्यक केला आणि पावती देणें बंधनकारक केलें. बिनपरवाना सावकारी हा गुन्हा असून तशा सावकाराला न्यायालयांत हुकुमनामा मिळत नाहीं. शेतकरी नसलेल्या कर्जदाराला विनातारण कर्जावर वर्षाला शेकडा अठरा, हा दर शासनानें २०१४ सालीं ठरविला; म्हणजे महिन्याला दीड. याच दरानें वीस हजारांचें कर्ज असतें, तर दीड हजारांच्या हप्त्यानें तें पंधरा महिन्यांत, एकूण सुमारें साडेबावीस हजार देऊन फिटलें असतें. शेकडा पांचनें त्याच हप्त्याचे तेवीस महिने आणि पावणेचौतीस हजारांवर रुपये लागतात. मधले अकरा हजार म्हणजे दोन मुलांच्या शाळेचा खर्च. तक्रारीची जागा तालुक्याचें सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांचें कार्यालय ही होय.

हल्लीं कर्ज केवळ सावकाराचें नसतें. बायकांच्या गटाला बिनतारण कर्ज देणाऱ्या संस्था दारापर्यंत येतात. एकीचा हप्ता चुकला कीं इतर चौघी शेजारणी तिच्या ओट्यावर येऊन बसतात, आणि हा तगादा सावकाराच्या तगाद्याहून बोचरा असतो. रिझर्व्ह बँकेनें १ एप्रिल २०२२ पासून लागू केलेल्या नियमांत कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम कर्जफेडींत जाऊं नये अशी मर्यादा घातली. सकाळीं नऊपूर्वीं व सायंकाळीं सहानंतर तगादा करण्यास, तसेंच धाकदपटशा दाखविण्यास मनाई केली. आणि मुदतीपूर्वीं फेड केल्यास दंड घेऊं नये असेंहि ठरविलें. अशा कर्जाबरोबर पुष्कळदा विम्याचा हप्ता कापलेला असतो. नवरा सहकर्जदार असेल तर त्याच्या मृत्यूनें तें कर्ज विम्यांतून फिटण्यासारखें आहे काय, हें प्रथम विचारावें. न विचारल्यामुळें फिटलेलें कर्ज फेडीत राहण्याची पाळी येऊं नये.

तसेंच दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाचा १८ ते ५९ वर्षें वयाचा मुख्य कमावता माणूस वारल्यास राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेंत एकरकमी वीस हजार रुपये मिळण्याची तरतूद आहे. अर्ज तहसील कचेरींत करावयाचा. एक पालक असलेल्या मुलांसाठीं बालसंगोपन योजना आहे, आणि निराधार विधवेसाठीं संजय गांधी निराधार अनुदान. वीस हजार रुपये ही रक्कम आपल्या उदाहरणांतील कर्जाएवढीच आहे, हें ध्यानांत घ्या.

आतां, हें सारें मी शहरांतील सुशिक्षित श्रोत्यांना कां सांगत आहें? कारण या गोष्टींत आपलाहि हात गुंतलेला आहे. आपल्या घरीं किंवा कारखान्यांत काम करणारी बाई उचल मागते आणि आपण ती देतों. त्या क्षणीं आपण तिचे सावकार होतों. ठाणें जिल्ह्याला उचलीचा इतिहास ठाऊक आहे. लग्नासाठीं थोडे रुपये घ्यावयाचे आणि त्यापोटीं नवराबायकोनें मालकाकडे वर्षानुवर्षें राबावयाचें, अशी लग्नगड्याची चाल येथें होती. १९४५ सालीं गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारली तिच्याविरुद्ध उठले. १९७६ च्या कायद्यानें वेठबिगारी रद्द झाली व तिच्यामागचीं कर्जेंहि रद्द ठरलीं. तरी वसई तालुक्यांत त्यानंतरहि वेठबिगार मुक्त करण्याचें काम विवेक व विद्युल्लता पंडित यांना करावें लागलें. त्या गड्यांना बांधणारी सांखळी लोखंडी नव्हती. किती घेतले, किती फिटले, हें लिहिलेलें नव्हतें, एवढेंच. मालक सांगेल तो आंकडा खरा.

म्हणून उचल द्या, पण तिच्या वहींत लिहून द्या. प्रत्येक महिन्याला किती कापले आणि किती उरले, तें तिला वाचून दाखवा. तिच्याकडे दुसऱ्या कोणाचा कागद आला तर दहा मिनिटें बसून तो वाचा आणि शेकडा महिन्याचा दर वर्षाचा करून सांगा. या कामाला पैसा लागत नाहीं. बेरीज-वजाबाकी आणि थोडा वेळ लागतो. आपण तिला मदत म्हणून जे शंभर-दोनशें देऊं, त्यांहून हीं दहा मिनिटें तिच्या अधिक उपयोगीं पडतील.

कामणच्या रस्त्यानें सकाळीं चालत जाणारी ती बाई कोणाचे पैसे बुडवूं इच्छीत नाहीं. उलट देणें नसलेलेंहि देण्याची तिची तयारी असते. अशा माणसाला कायदा शिकविण्यापूर्वीं एक वाक्य शिकवावें. पुढल्या वेळीं गोड आवाजाचे गृहस्थ दारीं आले, म्हणजे तिनें पदर सांवरून शांतपणें म्हणावें, "भाऊ, कागद येथें ठेवून जा. मी वाचवून घेतें, आणि मग सांगतें."