जामीनदार बदलताना : सर्व्हरमधली बॅकअप बॅटरी

(केळझर येथील व्याख्यानाचं शब्दांकन)

तत्त्वज्ञान शिकवलेला म्हातारा बॅटरीवर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल. पण हा प्रश्न मुळात दिलेल्या शब्दाचा आहे, म्हणून माझ्याही विषयातला आहे.

मी नोकरीत असताना आमच्या ग्रंथालयात एक सर्व्हर होता. एका लिपिकानं दिवसभर पुस्तकांच्या नोंदी केल्या. प्रत्येक नोंदीनंतर पडद्यावर ‘जतन झाले’ असं आलं. संध्याकाळी वीज गेली. सकाळी बघतो तर शेवटच्या नोंदी गायब, आणि यादीची फाइलही बिघडलेली. त्या लिपिकाला सगळे बोलले. मीही बोललो. दोष त्याचा नव्हता.

झालं काय होतं? अनेक हार्ड डिस्क एकत्र चालवणारं एक कार्ड सर्व्हरमध्ये असतं, त्याला रेड कंट्रोलर म्हणतात. डिस्क फिरती, म्हणून मंद. त्यामुळे हे कार्ड मजकूर आधी स्वतःच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे कॅशमध्ये घेतं आणि लगेच सांगतं, ‘लिहिलं!’ खरं तर डिस्कवर अजून काहीच नसतं. या पद्धतीला राइट-बॅक म्हणतात. हा झाला उधारीचा व्यवहार. मध्येच वीज गेली तर जामीन कोण? कार्डावरची छोटी बॅटरी. ती कॅश साधारण दोन-तीन दिवस जिवंत ठेवते. वीज आली की उरलेला मजकूर डिस्कवर उतरतो.

जामीन राहणं म्हणजे काय, हे केळझरला वेगळं सांगायला नको. हीच महाभारतातली एकचक्रानगरी, असं इथे मानतात. पाळी दुसऱ्याच्या घराची होती आणि बकासुराकडे गेला भीम!

बॅटरी थकली की बहुतेक कार्डं आपणहून राइट-थ्रूवर येतात. म्हणजे आधी डिस्कवर लिहायचं, मगच ‘लिहिलं’ म्हणायचं. वेग कमी होतो, पण बोलणं खरं राहतं. आमच्याकडे ‘सर्व्हर फार हळू चालतो’ म्हणून कुणीतरी राइट-बॅक सक्तीनं चालू ठेवलं होतं. जामीनदार मेलेला आणि उधारी चालूच!

म्हणून नियम एकच लक्षात ठेवा : जामीनदार बदलण्याआधी देणं फेडा. सगळ्या माहितीची वेगळी प्रत आधी काढा. मग कार्ड राइट-थ्रूवर आणा आणि सर्व्हर रीतसर बंद करा. खटका दाबून नव्हे. पुष्कळ सर्व्हरला दोन वीजतारा असतात, त्या दोन्ही काढा. काही कार्डांवर कॅशमध्ये मजकूर शिल्लक असल्याचा दिवा लुकलुकतो. तो लुकलुकत असेल तर बॅटरीला हात लावू नका. सर्व्हर पुन्हा चालू करून मजकूर डिस्कवर उतरू द्या.

आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज साठते. आपल्याला झटका जाणवतो तो साधारण तीन हजार व्होल्टला. चिप त्याच्या कितीतरी आधी बिघडू शकते. म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. तार ओढू नका, प्लग धरून काढा. नवी बॅटरी त्याच भाग-क्रमांकाची घ्या. ती पूर्ण चार्ज व्हायला काही तास लागतात. ‘ठीक’ असा संदेश आल्यावरच पुन्हा राइट-बॅक करा.

जुनी बॅटरी बहुधा लिथियम-आयनची असते. फुगली असेल तर दाबू नका, टोचू नका. टोकांना चिकटपट्टी लावा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही.

एका श्रोत्यानं विचारलं, ‘सर, यूपीएस असताना ही बॅटरी कशाला?’ यूपीएस बाहेरची वीज सांभाळतो. सर्व्हरच्या आतला वीजपुरवठाच जळाला तर तो काय करणार?

दुसरा प्रश्न : ‘मधूनच बॅटरीचा इशारा येतो आणि आपोआप जातो, तेव्हा?’ काही कार्डं ठरावीक काळानं बॅटरी स्वतःच रिकामी करून पुन्हा भरतात, तिची ताकद तपासतात. तेवढं होऊ द्या. त्यानंतरही इशारा राहिला तर मात्र बदला.

त्या लिपिकाची मी पुढे माफी मागितली. तो म्हणाला, ‘सर, मशीननं जतन झालं म्हटलं, मी विश्वास ठेवला.’ त्यानं ठेवायलाच हवा होता. तो विश्वास खरा ठरवण्याचं काम मशीन सांभाळणाऱ्यांचं, म्हणजे आमचं होतं.