वाळवंटातील उतार आणि आपले गुडघे

जॉर्डनमधील दाना या राखीव जीवावरण क्षेत्रात, डोंगरकड्यावरच्या दाना गावापासून फेनान येथील पर्यावरणस्नेही निवासापर्यंत सुमारे १४ किलोमीटरांची पायवाट उतरते. २००५ साली सुरू झालेल्या या निवासात वीज सौरऊर्जेची, तर रात्रीचा उजेड मेणबत्त्यांचा. मुलांनी अशा सहलीचा बेत आखला, तर ज्येष्ठ वाचकहो, लगेच नकार देऊ नका. मात्र विचारपूर्वक होकार द्या.

वाट बहुतांशी उताराची, म्हणून सोपी समजू नये. चढताना दम लागतो. उतरताना भार मांड्यांच्या स्नायूंवर व गुडघ्यांवर येतो. दोन काठ्या घ्याव्यात आणि आधी काही आठवडे जिने उतरण्याचा सराव करावा.

वयोमानानुसार तहानेची जाणीव मंदावते. कोरड्या हवेत घामही लगेच वाळतो. त्यामुळे शरीरातील पाणी घटल्याचे कळत नाही. तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे, जोडीला खारे काही खावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास, किंवा लघवी वाढविणाऱ्या गोळ्या चालू असल्यास, हे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. इन्सुलिन उन्हापासून जपावे.

सोबत्यांनी ध्यानात ठेवावे : चालताना तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले, तर तो केवळ थकवा मानू नये. सावलीत निजवावे, अंग ओले करून वारा घालावा, तातडीने मदत मागवावी.

रात्री उशाशी विजेरी असावी. चालणे झेपणार नसेल, तर अराबा खोऱ्याच्या बाजूने वाहनानेही तेथे पोहोचता येते. त्यात कमीपणा कसला?