घरच्या लॅपटॉपवर क्वांटम प्रोग्रामची चाचणी

मंडळातील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना क्वांटम प्रोग्राम लॅपटॉपवरच तपासता येतात. अडचण येते आवृत्त्यांची. २०२४ मध्ये आलेल्या किस्किट १.० मधून ‘एक्झिक्यूट’ हे फंक्शन काढले गेले आणि त्यावर बेतलेले जुने प्रोग्राम अडले.

म्हणून डॉकरचा कंटेनर वापरावा. डॉकरफाइलमध्ये पायथन, किस्किट आणि किस्किट-एर यांच्या नेमक्या आवृत्त्या लिहिल्या की प्रत्येकाच्या लॅपटॉपवर तोच संच उभा राहतो.

पहिली चाचणी दोन क्यूबिटांची करा: हॅडामार्ड, मग सी-नॉट. हजार वेळा मोजल्यावर ०० आणि ११ साधारण निम्मे-निम्मे येतात. नेमके पाचशे-पाचशेच यावेत अशी अट घालू नका.

क्यूबिट मात्र बेताने वाढवा. प्रत्येक क्यूबिटमागे मेमरी दुप्पट लागते; पूर्ण अवस्था साठवायला ३० क्यूबिटांनाच सुमारे १६ जीबी लागतात.