घराची घडी

शाळेत पाऊल टाकताच भिंतीवरील वेळापत्रक आपल्या दृष्टीस पडते. कोणत्या तासाला गणित आणि कोणत्या तासाला इतिहास, हे आधीच ठरलेले असल्यामुळे शेकडो विद्यार्थ्यांचा दिवस गोंधळावाचून पार पडतो. घरात माणसे अवघी चार-पाच. तरीही परीक्षेच्या सकाळी लेखणी सापडत नाही, गणवेश धुवायचा राहून जातो आणि पाहुणे दाराशी आले म्हणजे बैठकीतील पसारा घाईघाईने आतल्या खोलीत ढकलला जातो. ‘दृष्टीआड सृष्टी’ ही म्हण अशा वेळी आपण अगदी शब्दशः अमलात आणतो!

घरकामाला नियमितपणा आणण्याचे प्रयत्न होत नाहीत असे नव्हे. पाडव्याच्या मुहूर्तावर निश्चय होतो, कागदावर कामांची यादी उतरते. पहिला आठवडा उत्साहात जातो. दुसऱ्या आठवड्यात कोणाचे आजारपण किंवा एखादे लग्नकार्य आडवे येते आणि तिसऱ्या आठवड्यात तो कागद रद्दीत जातो. मग आपण आळसाला दोष देऊन मोकळे होतो. वस्तुतः आळस हे या अपयशाचे लहानसे कारण आहे. मोठी कारणे दोन. कोणते काम किती दिवसांनी करावे, याचा विचार आपण करीत नाही, हे पहिले. आणि ते कोणी करावे, हे मुळी ठरवीतच नाही, हे दुसरे.

हा विषय कोणास क्षुल्लक वाटू नये. आपल्या भोपाळच्या नवाब सुलतान जहाँ बेगम यांनी १९०१ ते १९२६ या काळात राज्य केले. मुलींच्या शिक्षणासाठी त्यांनी १९०३ मध्ये सुलतानिया कन्याशाळा स्थापन केली, आणि राज्यकारभार सांभाळून आरोग्य, बालसंगोपन व गृहव्यवस्था या विषयांवर उर्दूत पुस्तकेही लिहिली. राज्य चालविणाऱ्या व्यक्तीला घर चालविण्याचे शास्त्र लिहिण्याजोगे वाटले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्य प्रदेश राज्य अस्तित्वात आले, भोपाळ त्याची राजधानी झाली आणि नागपूरहून अनेक मराठी कुटुंबे सरकारी नोकरीनिमित्त येथे आली. गाव बदलले, हवापाणी बदलले, शेजारची भाषा बदलली. अशा वेळी माणसाला स्थैर्य देते ती घरातील नेहमीची रीत: पहाटेचा केर, देवापुढील दिवा, जेवणाची ठरलेली वेळ. संसाराला ‘घडी बसली’ असे आपण म्हणतो, ते याच अर्थाने.

आता पहिल्या कारणाकडे वळू. प्रत्येक कामाला स्वतःचा असा एक कालावधी असतो आणि तो निसर्गाने ठरविलेला असतो. शिजविलेले अन्न उबदार हवेत उघडे राहिले, तर त्यातील जंतूंची संख्या दर वीस-पंचवीस मिनिटांनी दुप्पट होऊ शकते. म्हणून ते दोन तासांहून अधिक वेळ तसेच ठेवू नये असे आरोग्यशास्त्र सांगते. झुरळे रात्री बाहेर पडतात. म्हणून खरकटी भांडी रात्रीच घासली पाहिजेत, सकाळवर ढकलून चालत नाही. स्वयंपाकघराची आवराआवर हे रोजचे काम झाले ते यामुळे.

काही कामे आठवड्याची आहेत. डेंग्यूचा प्रसार करणारा डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून उडता डास होण्यास त्याला साधारण सात ते दहा दिवस लागतात. याचा अर्थ असा की, आठवड्यातून एकदा पिंप, कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करून कोरड्या केल्या, तर त्याची पिढी पुरी होतच नाही. मात्र नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटविते आणि ती अंडी कोरड्या अवस्थेत महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून भांडे आतून घासले पाहिजे. भोपाळच्या घराघरांतून उन्हाळ्यात कूलर चालतात आणि पावसाळा लागला की तळाशी पाणी तसेच राहून ते कोपऱ्यात पडून राहतात. आपल्याकडे हे साप्ताहिक काम म्हणूनच विशेष महत्त्वाचे आहे.

काही कामे महिन्याची. आपल्या शेजारच्या सीहोरचा शरबती गहू प्रसिद्ध आहे आणि उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करून तो कोठीत भरण्याची रीत अजून पुष्कळ घरी आहे. धान्यातील सोंडकिडा दाण्यातच अंडे घालतो. अळी आतल्या आत दाणा पोखरते आणि उबदार हवेत सुमारे महिनाभराने किडा बाहेर पडतो. तोवर वरून काहीच दिसत नाही. महिन्यातून एकदा धान्य चाळून पाहणाऱ्या गृहिणीला हे शास्त्र कोणी शिकविले नसेल. परंतु तिचा नेम त्या शास्त्राला धरूनच आहे. वर्षाची कामेही अशीच. पावसाळ्याची ओल भिंतींतून व कपाटांतून ओसरू लागते तेव्हा दसरा-दिवाळी येते आणि घर झाडूनपुसून उन्हे देण्याची वेळ होते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आपण केरसुणीची पूजा करतो, त्यात हा विचार सामावलेला आहे.

अशा रीतीने कामे वाटली, तर ‘आज सगळे घर आवरू’ हा अट्टहास उरत नाही. रोजची कामे थोडी, आठवड्याची त्याहून थोडी, महिन्याची एक-दोन. एखादा दिवस चुकला तर मागील सारे काम दुसऱ्या दिवशी फेडण्याच्या भरीस पडू नये. पुढच्या वेळेपासून क्रम चालू ठेवावा. नेम बहुधा मोडतो तो एका दिवसाच्या चुकीने नव्हे, तर ती चूक भरून काढण्याच्या धास्तीने.

आता दुसरे कारण, जे अधिक गंभीर आहे. भारत सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर एक पाहणी केली: माणसे दिवसाचे चोवीस तास कशात घालवितात? तीत असे आढळले की, वय वर्षे ६ व त्यापुढील स्त्रियांपैकी ८१.२ टक्के स्त्रिया दिवसभरात विनावेतन घरकाम करतात. पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के आहे. जे हे काम करतात त्यांपैकी स्त्रियांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटे आणि पुरुषांचा ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास, म्हणजे आपल्या शाळेच्या एका पूर्ण दिवसाएवढे! शाळेला रविवारची सुट्टी असते; या शाळेला तीही नाही.

घराची घडी वारंवार का विसकटते, याचे उत्तर या आकड्यांत आहे. सारा नेम एकाच खांबावर उभा असतो. आईला ताप आला की घर थांबते, आणि आपण म्हणतो की वेळापत्रक फसले. ते फसलेले नसते. ते एकाच माणसाचे होते, घराचे नव्हतेच. ज्या संत गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) स्वतः हाती खराटा घेऊन गावेच्या गावे झाडली, त्यांना ते काम हलके वाटले नाही. मग आपले जेवलेले ताट उचलण्यात मुलग्याला कमीपणा का वाटावा?

विद्यार्थिमित्रांनो, भोपाळ शहराने २०१७ व २०१८ या दोन्ही वर्षी राष्ट्रीय स्वच्छता सर्वेक्षणात दुसरा क्रमांक मिळविला. त्या यशाचा आरंभ स्वयंपाकघरातील दोन टोपल्यांपासून होतो: एक ओल्या कचऱ्याची, एक सुक्या कचऱ्याची. त्या टोपल्या रोज वेळेवर दारी नेऊन ठेवण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. या रविवारी घरातील सर्वांनी एकत्र बसावे, कामांची यादी करावी आणि प्रत्येक कामापुढे एक नाव लिहावे. एकाच नावाखाली सगळी कामे आली, तर यादी पुन्हा करावी. तुमच्या नावापुढे प्रथम एकच काम असू द्या, मग ते कूलर घासण्याचे असो वा केर काढण्याचे. पण ते कोणी आठवण न करता, ठरल्या दिवशी करा. पाच तासांच्या त्या ओझ्यातून तुम्ही उचललेली दहा मिनिटे घरात कोणाला तरी निवांत बसून वर्तमानपत्र वाचावयास मिळतील.